पान, कोयता आणि डोई

आमच्या देवस्थानांत समाराधनेच्या दिवशी माणसे मोजण्याची चाल नाही, पाने मोजतात. ‘आज किती पाने उठली?’ असे कोठीवाला आचाऱ्याला विचारतो आणि त्या आकड्यावरून दुसऱ्या दिवसाचे तांदूळ, डाळ, गूळ व नारळ कोठीतून बाहेर निघतात. पान मांडले म्हणजे ते एका तोंडाचे. त्या तोंडाने भात किती खाल्ला, खीर दोनदा घेतली की एकदाही नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. मुलाचे पान पुरे धरावे की अर्धे, यावर मात्र कोठीत दरवर्षी वाद होतो. तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो आणि तो अद्याप मिटलेला नाही.

या पानाच्या हिशेबाचे थोरले भावंड म्हणजे ‘दरडोई’ हा शब्द. गुजराथीत त्यालाच ‘माथादीठ’ म्हणतात. देशात जे काही पिकते, येते आणि शिजते, ते एकत्र करून डोक्यांच्या संख्येने भागावयाचे, की झाला दरडोई पुरवठा. आज राष्ट्राराष्ट्रांच्या अन्नाची अशी पत्रके नियमाने प्रसिद्ध होतात. त्यांतील मॉरिशस बेटाचे पत्रक आम्ही पाहत होतो, ते तेथील आपल्या मराठी बांधवांचे जेवण कसे बदलले हे जाणून घेण्यासाठी. तांदूळ, गहू, डाळी, साखर, मासळी असे रकाने उतरत आम्ही मांसापाशी आलो. मांसाच्या खाली आणखी एक निराळी ओळ होती. काळीज, गुर्दा, भेजा, जीभ, वजडी इत्यादी आंतरांगांची ही ओळ, आणि तिच्यातही दर माणशी वर्षाला इतके, असा हिशेब मांडलेला. देवस्थानाशी संबंध असलेल्या वाचकांपुढे हा विषय काढताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु अन्नाचा इतिहास लिहावयाचा तर केवळ नैवेद्याच्या ताटापुरते थांबता येत नाही. शिवाय या ओळीचा माग काढीत आम्ही जेथे पोचलो, तो मुलूख आपल्या परिचयाचा निघाला.

सुरतेहून पूर्वेस निघाले की थोड्याच वेळात कडोदरा लागते. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि सुरतेहून धुळे-नागपूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. पूर्वेस बारडोली, दक्षिणेस नवसारी. हे गाव ज्या पलसाणा तालुक्यात आज मोडते, त्याचे ठाणे पलसाणे एके काळी गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होते. म्हणजे मराठी दप्तराला हा मुलूख परका नव्हे. आता येथे कापडाचे कारखाने आहेत, आणि त्यांच्या पलीकडे ऊस. शेजारच्या चलथाणला सहकारी साखर कारखाना आहे. याच नवसारीच्या एका पारशी पुरोहित घराण्यातील पुरुषाने हिंदी माणसाची दरडोई मिळकत प्रथम आकड्यांत मांडली. ते दादाभाई नवरोजी होत.

दादाभाईंनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपला निबंध वाचला. त्यापूर्वी दोनच वर्षे ते बडोद्याचे दिवाण होते. दारिद्र्य आहे असे पुष्कळजण म्हणत होते. सरकार ते मानीत नव्हते. दादाभाईंनी सरकारच्याच अहवालांतून प्रांतवार पीक काढले आणि त्याची किंमत लावली. बियाण्याची वजावट करून शेतीचे उत्पन्न २६ कोटी पौंड धरले. मीठ, अफू, कोळसा व व्यापार यांचे १ कोटी ७० लाख, कारागिरीचे दीड कोटी, आणि मागून कोणी काही राहिले म्हणू नये म्हणून वर आणखी ३ कोटी घातले. एकूण सुमारे ३४ कोटी पौंड. ब्रिटिश हिंदुस्थानची वस्ती १७ कोटी. भागाकार सोपा होता: माणशी ४० शिलिंग, म्हणजे त्या वेळचे २० रुपये. वर्षाचे.

या बेरजेतील एक रक्कम मुद्दाम वर सांगितली नाही. गुरेढोरे आणि त्यांचे उत्पन्न, मासळी, दूध, मांस, या सर्वांचे मिळून दीड कोट पौंड दादाभाईंनी अंदाजाने धरले होते. माणशी हे सुमारे १४ आणे पडतात. चौदा आण्यांत वर्षाचे दूधही आले, बोंबीलही आला आणि बकऱ्याचे काळीजही आले. यांतला कोणता भाग कोणाच्या मुखी गेला, हे सांगण्याचे साधन दादाभाईंपाशी नव्हते. त्यांस त्याची गरजही नव्हती. सर्व काही उदार हाताने धरूनही बेरीज वीस रुपयांपलीकडे जात नाही, एवढेच त्यांस दाखवावयाचे होते. पुढे १८८२ साली बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपये काढले, १९०१ साली लॉर्ड कर्झनने ३० सांगितले. भांडण आकड्यावर चालले. भागाकाराची रीत मात्र दोन्ही पक्षांनी मान्य केली होती.

वीस रुपये थोडे की पुष्कळ, हे कशाशी ताडून पाहावयाचे? येथे दादाभाईंनी जो पुरावा काढला तो आम्हांस या सर्व प्रकरणात अत्यंत विलक्षण वाटतो. एक म्हणजे तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च. दुसरा म्हणजे परदेशी जाणाऱ्या गिरमिटी मजुराचा जहाजावरील शिधा. कलकत्त्यास या मजुरांची तपासणी करणारे सरकारी डॉक्टर पार्ट्रिज यांनी १८७० साली तो ठरवून दिला होता. भात खाणाऱ्या माणसास रोज तांदूळ २० औंस, डाळ ६ औंस, टिकवलेले मटण अडीच औंस, भाजी सव्वाचार औंस, तूप १ औंस, मोहरीचे तेल अर्धा औंस, मीठ १ औंस. हा शिधा काम करणाऱ्याचा नव्हे. जहाजावर नुसते बसून राहिलेल्या माणसाचा जीव टिकावा, एवढ्यापुरता तो आखलेला होता. अहमदाबादच्या बाजारभावाने त्याची किंमत लावता वर्षाचे सुमारे ६२ रुपये झाले. उत्पन्न २० आणि स्वस्थ पडून राहणाऱ्याच्या नुसत्या पोटाचा खर्च ६२, असे ते दोन आकडे दादाभाईंनी शेजारी ठेवले.

त्या यादीतील अडीच औंस मटणापाशी आमचे मन थोडे अडखळले. जहाजावर चढणाऱ्यांत मांस न खाणारेही असतील, अमुक वारी न खाणारे असतील, कोणाच्या हातचे न खाणारे तर पुष्कळच असतील. पार्ट्रिजसाहेबाच्या कागदावर ते सारे एकाच रकान्यात उभे आहेत. ‘दरडोई’ या शब्दाचा हा गुण आणि हाच त्याचा दोष. तो जात पाहत नाही, व्रत पाहत नाही, सोमवार पाहत नाही. (आमच्या समाजाची दरडोई मासळी कोणी काढली तर सोमवार, चतुर्थी आणि सबंध श्रावण वजा करावयास कोणता हिशेबनीस येणार आहे?)

हे मजूर ज्या बेटांवर उतरले त्यांत मॉरिशस पहिले. १८३४ च्या २ नोव्हेंबरला ‘अ‍ॅटलस’ जहाज तेथे लागले. त्यावर ३६ गिरमिटी होते. त्यांच्या करारात महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ, तेल, चिंच एवढे लिहिले होते. मांसाचे नाव नाही. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून मिळून जवळजवळ पाच लाख माणसे या बेटाच्या किनाऱ्यावर उतरली. पोर्ट लुई येथील त्यांचा उतारघाट ‘आप्रवासी घाट’ म्हणून २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीचे आणि त्याच्या आसपासचे लोक पुष्कळ. त्यांच्या वंशजांनी गणेशचतुर्थी, गोंधळ आणि झाकरी आजतागायत राखली आहे. भोजपुरी मंडळींनी उसाच्या मळ्यांच्या कडेला काळीमाईची ठाणी मांडली, आणि तेथे कोंबडे-बकरे पडू लागले. मळ्यावर शिध्यात मिळे तो भात, डाळ आणि खारी मासळी. ताजे मटण वर्षातून एखाद्या वेळी, आणि तेही देवीच्या निमित्ताने.

बकरे पडले की त्याचे वाटे कसे होतात, हे देशावर आणि कोकणात ज्यांनी गावजत्रा पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको. तेथे डोया मोजून भागाकार होत नसे. मानाप्रमाणे वाटे ठरलेले असत. मुंडी कोणाची, पाय कोणाचे, आतडी व वजडी कोणी उचलावयाची, हे गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मुक्रर होते, आणि त्यावरून तंटे दिवाणापर्यंत जात. मुंडीचा मान पाटलाकडे आणि आतडी गावकुसाबाहेर, असा तो क्रम. जे एकाला मान म्हणून मिळे तेच दुसऱ्याला उरले म्हणून मिळे. भाषेतही हे दिसते. ‘काळीज’ हा शब्द आपण मायेसाठी वापरतो, आई लेकरास काळजाचा तुकडा म्हणते. खाटकाच्या फळीवर मात्र तोच शब्द यकृताला लागतो आणि तेथे त्याचा भाव विचारला जातो.

मानाच्या वाट्याकडून डोईच्या भागाकाराकडे येणे ही मोठी उडी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जगभर झाली. १९४५ साली अन्न व शेती संघटना स्थापन झाली आणि १९४९ साली तिने राष्ट्रांच्या अन्नताळेबंदाची पद्धत छापून दिली. देशात जे पिकले त्यात आयात मिळवावयाची, निर्यात काढावयाची, साठ्यातील फरक धरावयाचा. मग जनावरांचा चारा, बियाणे, नासधूस वजा करावयाची, आणि उरले ते लोकसंख्येने भागावयाचे. १९५१ पासून १९७० पर्यंत या संघटनेच्या सांख्यिकी विभागाची धुरा एका मराठी माणसाकडे होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते गृहस्थ. फर्ग्युसनचे विद्यार्थी, लंडनला संख्याशास्त्र शिकले, आणि रोममध्ये बसून जगाच्या भाकरीचा हिशेब पाहू लागले.

आता मॉरिशसच्या त्या ओळीकडे वळू. आंतरांगांचा आकडा सहसा कोणी वजन करून लिहीत नाही. कत्तल झालेल्या जनावरांची संख्या घेऊन, धडाच्या वजनाला अमुक प्रमाण लावून तो काढला जातो. समजा, एका बकऱ्याचे धड १५ किलो भरले आणि आंतरांगांचे प्रमाण त्याच्या पाचवा हिस्सा धरले, तर कागदावर ३ किलो चढले. त्यांतील वजडी धुऊन शिजली की उकिरड्यावर गेली, हे पत्रकास कळण्याचा मार्ग नाही. बेटावर पुष्कळ मांस बाहेरून गोठवूनही येते; त्यात आंतरांगांच्या पेट्या निराळ्या नोंदल्या तर आकडा खरा, मांसात मिसळल्या तर नाही. पुढे भाजक. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे मॉरिशसमध्ये सुमारे ४८ टक्के हिंदू, १७ टक्के मुसलमान, उरलेले बहुतेक ख्रिस्ती. गाईचे काळीज हिंदू सहसा खात नाही, डुकराचे मुसलमान खात नाही. परंतु भागाकारात दोन्ही सर्वांच्या डोईवर बसतात. कावडीच्या उपवासात असलेला तमिळ, महाशिवरात्रीला गंगातलावाकडे पायी निघालेला कावडवाला आणि चतुर्थीचे मोदक वळणारी मराठी आजी, या सर्वांच्या नावावर वर्षाकाठी काही ग्रॅम गुर्दा जमा आहे.

प्रवासी लोकांचा प्रश्न आणखी वेगळा. २०१९ साली या बेटावर १३ लाखांहून अधिक परदेशी प्रवासी आले, म्हणजे बेटाच्या वस्तीपेक्षाही किंचित अधिक. हा आकडा ऐकून दचकावयास होते. पण प्रत्येकजण सरासरी दहा-अकरा रात्रीच राहतो. त्यांचे दिवस मोजले तर वर्षभर राहणाऱ्या सुमारे ४० हजार माणसांइतके ते होतात. तरी हॉटेलातील ताट आणि मळ्यावरील ताट सारखे नसते. जुन्या पत्रकांत हे सारे मांस बेटवासीयांच्याच डोईवर पडे. अलीकडच्या पद्धतीत पर्यटकांसाठी निराळा रकाना ठेवला आहे, ही चांगली सुधारणा.

डॉ. सुखात्म्यांस ही अडचण पुरती ठाऊक होती. १९६१ साली जगाच्या भुकेवरील प्रसिद्ध निबंधात त्यांनी केवळ सरासरीवर भिस्त ठेवली नाही. सरासरीच्या वर किती आणि खाली किती, हा पसारा हाती घेतल्याशिवाय उपाशी माणसे मोजता येत नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. त्या रीतीने जगातील दहा ते पंधरा टक्के लोक पोटभर जेवत नाहीत, असे त्यांनी काढले. त्या काळी दोनतृतीयांश जग भुकेले असल्याची भाषा सर्रास चालू होती. पुढे संयुक्त राष्ट्रांत प्रथिनांच्या टंचाईचा मोठा गवगवा झाला, मांस-दुधाची भुकटी गरीब देशांस पुरवावी अशी मते निघाली. तेव्हाही सुखात्म्यांनी विरोध केला. नेहमीचे धान्य व डाळ पोटभर मिळाली तर प्रथिने बहुधा आपोआप पुरी पडतात. उणीव आहे ती मुख्यतः पोटभर अन्नाची, असे त्यांचे म्हणणे. आपल्या वरणभातावर याहून मोठा अभिप्राय कोणी दिला असेल, असे आम्हांस वाटत नाही. पुण्यास परतल्यावर प्रा. वि. म. दांडेकरांशी त्यांचा उष्मांकांच्या रेषेवरून जो वाद झाला, तो दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखा आहे. आमचा कल त्या वादात दांडेकरांकडे आहे, हे येथेच सांगून टाकतो. माणसाचे शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, हे खरे असले तरी ते गरिबालाच का शिकावे लागावे?

तथापि वरणभात सर्वांस सर्वकाळ पुरतो असेही नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आल्या. गिरणीकामगार वस्तीतील गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे, त्याचे कारण त्या शोधीत होत्या. थोड्याच काळापूर्वी अमेरिकेत मिनो व मर्फी यांनी काळीज खाऊ घालून दुसऱ्या एका पंडुरोगाचे रोगी वाचवले होते. त्याबद्दल १९३४ साली त्यांस नोबेल पारितोषिकही मिळाले. मुंबईच्या या बायकांनाही काळजाच्या अर्काचा गुण आला. परंतु ते महाग, आणि अनेकींना धर्माने वर्ज्य. विल्सबाईंनी यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला, आणि त्यानेही रक्त भरून आले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. काळजात आणि यीस्टमध्ये समान असलेले ते द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, आणि लॅटिन भाषेतील ‘पान’ या शब्दावरून त्यास फोलिक आम्ल असे नाव पडले.

त्या बायकांच्या घरी दरडोई काळीज किती येत होते, हे विचारण्यात अर्थ नाही. येत असले तरी ते कर्त्या पुरुषाच्या ताटात गेले असते. भागाकार दाराशी थांबतो. दाराच्या आत पुन्हा मान सुरू होतो, आणि घरातील बाई शेवटी जेवते.

गेल्या पौषात बारडोलीकडून परतताना आम्ही कडोदऱ्याच्या अलीकडे उतरलो. ऊसतोड चालू होती. तोडणारे बहुतेक खानदेशातले आणि डांगातले. डच अभ्यासक यान ब्रेमन १९६२ पासून याच दक्षिण गुजराथच्या मजुरांत हिंडत आले आहेत आणि ऊसतोडीवर त्यांनी विस्ताराने लिहिले आहे, म्हणून पाहण्याची उत्सुकता होती. येथे मोजणीचे माप डोई नसते, पानही नसते, कोयता असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी: तो तोडतो, ती पाचट काढते आणि मोळी बांधते. मजुरी टनावर, आणि हंगामभर जगण्यासाठी मध्ये मिळणारी खावटी, म्हणजे जोंधळा आणि थोडी रोकड. ती शेवटी मजुरीतून कापली जाते.

पालांपाशी एक मुकादम उभा होता. आम्ही विचारले, “येथे माणसे किती आहेत?”

“साठ कोयते,” तो म्हणाला.

“आणि मुले?”

“ती असतात की बरोबर.”

ती होतीच. एक मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन वाढ्यांचा भारा ओढीत होती. खावटीच्या गोणीत तिचा हिस्सा धरलेला आहे काय, असे विचारावयाचे आमच्या ओठांवर आले होते. पण मुकादम ट्रॅक्टरकडे वळला.

संध्याकाळी चौकातल्या बाजारात पालांवरची मंडळी आठवड्याचे सामान घेण्यास आली. मिरची, मीठ, तेलाची लहान बाटली. खाटकाच्या फळीपाशी चांगल्या मटणाचे गिऱ्हाईक निराळे होते. यांनी घेतली वजडी, आणि चार जणांत मिळून एक मुंडी, कारण ती स्वस्त. खाटकाने ते तोलले नाही, डोळ्यांच्या अंदाजानेच पळसाच्या पानात बांधून दिले. मुकादमाच्या वहीत त्या दिवशी टन लिहिले गेले होते, आणि कोयते.